गोंद नसलेला सापळा

आमच्या गाळ्यात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला मी एवढंच सांगतो, कशाला टेकू नका. भिंत, दाराची चौकट, टेबलाची कड, सगळीकडे गोंदाचा हात लागलेला असतो. हा गोंद वाळत नाही. न वाळणं हाच त्याचा गुण. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही. रॉकेल मिळायचं तोवर रॉकेलने जायचा, आता गोडेतेल चोळून काढावा लागतो. घरी माझे शर्ट वेगळे धुतात, आणि धुतले तरी ते एकमेकांना सोडत नाहीत.

गाळा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची सुरुवात झाली ती इथूनच. रस्त्यांना नावं कमी आणि नंबर जास्त. जुन्या शेड पाडून काचेच्या इमारती उठल्या, गळ्यात पट्टे घातलेली मुलं दुपारी चहाच्या टपरीवर इंग्रजीत भांडतात, पण आमच्या ओळीत अजून लेथ, गिअर कटिंग आणि ऑफसेटची छपाई तग धरून आहे. आम्ही पिवळे चिकट सापळे बनवतो. वहीच्या पानापेक्षा जरा मोठी पिवळीधमक प्लास्टिकची शीट, दोन्ही अंगांना गोंद, वर सोलून काढायचा कागद. शेतात काठीला बांधायची. बारीक उडत्या किडी येऊन चिकटतात. मावा, तुडतुडे, नागअळीची माशी आणि आमचं मुख्य गिऱ्हाईक, पांढरी माशी. शेजारचा टर्नर रोज शटर उघडताना विचारतो, "काय, बसले का माशा मारत?" मराठीत जो रिकामटेकड्यांचा उद्योग, त्याच्यावर माझं घर चाललं. टर्नरला ठाऊक नाही की त्याच्या थट्टेत एक चूक आहे. सापळ्याने माशा मरतात, पण त्या मेल्याने पीक वाचतं असं नाही. हे मला कळायला बरीच वर्षं लागली आणि कळल्यावरही मी सापळेच विकतो आहे.

पांढरी माशी ही माशीच नव्हे. ती माव्याची, तुडतुड्याची भावकी. सोंड खुपसून पानाचा रस पिणारी. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. पंखांवर मेणाची पांढरी पूड. झाड हलवलं की चिमूटभर पिठी उडावी तशी उडते आणि क्षणात परत पानाखाली जाऊन बसते. शास्त्रात तिचं नाव बेमिसिया टॅबॅसी. १८८९ मध्ये ग्रीसमध्ये गेनाडियस नावाच्या माणसाने तंबाखूच्या पानांवर पाहून तिची नोंद केली, म्हणून नावात तंबाखू. नारळाच्या झावळ्यांखाली गोल गोल पांढरी रांगोळी घालणारी पांढरी माशी वेगळी. ती काजळी आणते, झाड मलूल करते, पण भेंडीवर केवडा नावाचा रोग पसरवते ती ही तंबाखूवाली.

या धंद्यात मी आलो तो मामामुळे. मामाची जमीन मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की बंधाऱ्याच्या पाण्यावर भेंडी. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात ही रीतच आहे. इथली भेंडी कल्याणच्या बाजारात जाते, वाशीला जाते, तिथून विमानात बसून आखातातही जाते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पॅकिंगच्या टेपा बनवत होतो. एकदा गेलो तर मामाच्या मळ्यात काठ्यांवर तेलाचे रिकामे डबे उपडे घातलेले. डब्यांना पिवळा ऑइलपेंट आणि वर ग्रीस. कृषी सहायकाने सांगितलं होतं म्हणे. ग्रीस नसेल तर एरंडेल लावा. दोन दिवसांत त्यावर धूळ बसायची, मग मामी फडक्याने पुसून पुन्हा ग्रीस फासायची. भेंडी खुडून हाताला खाज सुटलेली, त्यात हे काम. मला म्हणाली, "भाचेबुवा, तुमच्या टेपेचा गोंद याला लागंल का?"

लागला नाही. टेपेचा गोंद पातळ आणि कोरडा. माशी बसायची, पंखावरची मेणाची पूड गोंदाला द्यायची आणि पूड ठेवून स्वतः निघून जायची. सापळ्यावर नुसते पांढरे ठसे. मग मऊ, ओला, तारा ओढणारा गोंद शोधत गेलो. जानेवारीत मुरबाडच्या पहाटेला तो घट्ट होऊन निकामी व्हायचा आणि एप्रिलमध्ये उन्हाने पातळ होऊन काठीवरून खाली भेंडीच्या शेंड्यावर ओघळायचा. दोन्ही ऋतूंत जागेवर राहील असा मेळ बसायला तीन हंगाम गेले. ते प्रमाण अजून माझ्या डोक्यातच आहे, कागदावर नाही. मुलगा म्हणतो लिहून ठेवा. ठेवीन.

रंगाचं प्रकरण त्याहून वाईट. आपल्याला पिवळं ते पिवळं. माशीचं तसं नाही. लॉरेन्स माउंड या कीटकशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये दाखवून दिलं की या माशीला दोन प्रकारचा उजेड ओढतो. लांब उडून जायचं असेल तेव्हा अतिनील, आणि उतरून बसायचं असेल तेव्हा पिवळा. कोवळ्या पानातून जो हिरवट-पिवळा उजेड परत फिरतो, त्याची गडद नक्कल म्हणजे सापळा. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग मळ्यातल्या उन्हात भलताच निघायचा. एका लॉटमध्ये रंगवाल्याने किंचित केशरी छटा जास्त घातली. माणसांना तो सापळा जास्त आवडला, माशांना अजिबात नाही. तेव्हापासून लॉट निघाला की पहिली शीट आमच्या ओळीच्या वॉचमनच्या भेंडीपाशी लावतो. ट्रान्सफॉर्मरच्या मागे, रंगाच्या फुटक्या बादल्यांमध्ये त्याने सहा झाडं लावली आहेत. चारी बाजूंना सिमेंट, पत्रे, ट्रकचा धूर, तरी संध्याकाळपर्यंत शीटवर पाच-दहा पांढरे ठिपके असतातच. पांढऱ्या माशीला बिगरशेती जमीन कळत नाही.

सापळा लावायचा पिकाच्या शेंड्याच्या उंचीला. झाड वाढलं की काठीवर वर सरकवायचा. बरेच लोक पहिल्या दिवशी डोक्याच्या उंचीवर बांधून मोकळे होतात, कारण रस्त्यावरून दिसायला छान दिसतं. माशी मात्र खालून, पिकाच्या अंगालगत फिरते. मग आठवड्यातून दोनदा त्यावरचे ठिपके मोजायचे. एकरी दहा-बारा सापळे मोजणीसाठी पुरतात. सापळा म्हणजे थर्मामीटर. ताप किती ते तो सांगतो, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं थर्मामीटर दुप्पट लावले की ताप उतरेल या समजुतीवर आहेत. एका दुकानदाराने तर माझ्याच मालावर "व्हायरसमुक्त शेती" असं छापून हवं म्हणून धरणं धरलं. छापलं नाही. ऑर्डर गेली. मोठेपणा सांगत नाही. त्या महिन्यात टेपेचं काम भरपूर होतं, म्हणून परवडलं.

शिवाय सापळ्यावर येतात त्या फक्त पंख फुटलेल्या. खरा संसार पानाच्या खालच्या अंगाला. दहा पटीचं भिंग घ्यावं, खालून दुसरं-तिसरं पान हलकेच उलटावं, झटका न देता. बारीक देठावर उभी केलेली अंडी दिसतात, आधी फिकी, मग तपकिरी. त्यातून निघालेलं पिल्लू थोडं रांगतं, जागा पाहतं, सोंड खुपसतं आणि मग मोठं होईपर्यंत हलत नाही. चपटं, पारदर्शक, पिवळसर. पानावर पातळ मेणाचा थेंब पडावा तसं. शेवटच्या अवस्थेत त्याला दोन लाल डोळे दिसू लागतात. गरम हवेत अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन आठवडे. माशी निघून गेली की टरफल उरतं आणि त्याच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असते. कधी कधी पिल्लू काळसर पडलेलं असतं आणि टरफलाला चीर नसते, नेटकं गोल भोक असतं. म्हणजे त्यातून पांढरी माशी निघालीच नाही, तिला आतून खाऊन एक इवलीशी गांधीलमाशी निघाली. असं एक पान सापडलं तरी दोन दिवस फवारा हातात घ्यायचा नाही, असं मी मामाला शिकवलं. मामाने मला एवढंच विचारलं की ती इवलीशी गांधीलमाशी तुझ्या सापळ्याला चिकटत नाही काय. चिकटते. ढालकिडेही चिकटतात.

ही माशी भेंडीला जो रोग लावते त्याला आमच्याकडे केवडा म्हणतात, कुठे हळद्या म्हणतात. किती देखणी नावं! पानाच्या शिरा आधी पिवळ्या होतात, हिरव्या पानावर सोनेरी जाळी विणल्यासारखी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पान सुंदरच वाटतं. मग पान सगळं पिवळं, फळ पांढुरकं, राठ, वाकडं. बाजारात कुणी हात लावत नाही. मिरचीचा चुरडा-मुरडा किंवा टोमॅटोचा बोकड्या म्हटलं की ऐकणाऱ्याला निदान काही तरी बिघडलंय एवढं तरी समजतं. केवडा म्हटल्यावर वाटतं की कुणी वेणीत माळणार आहे.

या रोगाची पहिली नोंद आपल्याच मुलखातली आहे. १९२४ मध्ये कुलकर्णींनी मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या मोझॅक रोगांवर लिहिलं त्यात भेंडी आहे. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूचा रोग असल्याचं मांडलं, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत वर्मांनी पांढरी माशी आणि विषाणू यांचं नातं बारकाईने तपासलं. रस चोळून हा रोग लागत नाही, त्याला माशीच लागते. आजारी झाडाचा रस पिताना विषाणू तिच्या पोटात जातो, तिथून अंगात भिनतो, काही तासांनी लाळेत उतरतो आणि मग ती जिथे सोंड खुपसेल तिथे तो उतरत राहतो, पुष्कळदा ती जगेल तोवर. एवढं सगळं माहीत झाल्यावरही अर्धी गोष्ट बाकी होती. २००३ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठातल्या जोस आणि उषा यांनी दाखवलं की नुसत्या विषाणूने भेंडीला खरा केवडा होत नाही. त्याच्या सोबत त्याच्या निम्म्या आकाराचा डीएनएचा एक गोल तुकडा लागतो. तो तुकडा एकटा वाढू शकत नाही, विषाणूच्या खांद्यावर बसून येतो, पण शिरा पिवळ्या करण्याचं काम त्याचं. फुकट्या प्रवासीच गाडी चालवतो, असा प्रकार.

वाणांची गोष्ट मामाला तोंडपाठ. दिल्लीहून आलेली पुसा सावनी पन्नासच्या दशकाअखेर गाजली. केवडा हिला शिवत नाही, असं सांगत लोकांनी लावली, आणि पुढे काही वर्षांत तीच सगळ्यांत आधी पिवळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर रानटी भावकीतल्या भेंडीशी केला, पिढ्यान् पिढ्या निवड करत आणली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला परभणी क्रांती बाहेर पडली. मामा तिचं नाव अजून घरातल्या माणसासारखं घेतो. "क्रांती होती तवा मी फवाऱ्याला हात लावला नव्हता," म्हणतो. तीही पुढे दमली. आता संकरित बियाणं येतं, लाल-गुलाबी औषध चोळलेलं. त्या बीजप्रक्रियेने पहिले काही आठवडे रोप सांभाळलं जातं, आणि सगळा खेळ त्या आठवड्यांचाच आहे. सास्त्री आणि सिंग यांनी १९७४ मध्ये मोजून ठेवलंय. उगवणीनंतर ५० दिवसांनी रोग आला तर उत्पन्नात ८४ टक्के घट, ६५ दिवसांनी आला तर ४९ टक्के. पंधरा दिवसांच्या उशिराची किंमत एवढी. त्याच्या आधी आला तर शेतात उभं राहायलाही नको वाटतं.

फवाऱ्याबद्दल थोडक्यात. खेड्यात कीटकनाशकाला औषध म्हणतात, आणि औषध म्हटलं की आजारी झाडाला द्यायचं असं मनात येतं. केवडा झालेलं झाड कुठल्याही औषधाने बरं होत नाही. उलट जहाल औषध मारलं की आधी मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी मोकाट होते. ऐंशीच्या दशकात आंध्रच्या कापूस पट्ट्यात पायरेथ्रॉइडच्या फवारण्यांमागून तिचा भडका उडाला. २०१५ मध्ये पंजाबच्या कापसात फवारून फवारून लोक थकले, माशी थकली नाही. भेंडी तर एक दिवसाआड खुडायची असते. परवा फवारलेलं उद्या कुणाच्या तरी ताटात. मामी आता पाच टक्के निंबोळी अर्क वापरते. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळून शंभर लिटर पाणी करायचं, थोडा साबण. पानाच्या खालून मारला तर उपयोग. वरून मारला तर नुसता घराला वास.

आता माझ्या चुकीबद्दल. दहा-बारा वर्षांपूर्वी जानेवारीत मी मुद्दाम एक आठवडा रजा काढून मामाकडे गेलो होतो. भेंडी महिन्याची. मळ्याच्या मधोमध सात-आठ झाडांच्या शिरा पिवळ्या. मी पुस्तकी उत्साहात सांगितलं, उपटा. मामाचा जीव होईना, झाडाला कळ्या आलेल्या. शेवटी भर दुपारी मीच उपटली, खांद्यावर मोळी घेतली, मळ्यातून चालत गेलो आणि बांधावर टाकली. फार मोठं काम केल्यासारखा कल्याणची एसटी पकडून परत आलो. दोन आठवड्यांनी मामाचा फोन आला. मळ्यात पिवळी पायवाट उमटली होती. मी ज्या सरीतून चालत गेलो, त्या सरीच्या दोन्ही अंगांची झाडं, आणि बांधाच्या कडेची एक पट्टी. उन्हाने माशा चळवळ्या झालेल्या. मी मोळी हलवत गेलो तशा त्या झडत गेल्या, आणि ज्या उरल्या त्या बांधावरचं झाड सुकल्यावर शेजारी राहायला गेल्या. मामा फोनवर रागावला नाही. "तू चाललास तिथनं हळद सांडलीय," एवढंच म्हणाला.

त्या पट्टीकडे बघायला मी पुन्हा गेलो आणि बांधावर बसून राहिलो. समोर माझा सापळा, त्याच्या पलीकडे हातभरावर एक नवं आजारी झाड. दोन्ही पिवळे. सापळ्यावर ठिपके होते, पण झाडाचं पान उलटलं तर तिथे त्याहून जास्त माशा बसलेल्या. मी इतकी वर्षं रंगवाल्याशी भांडून जो पिवळा मिळवला होता, तो विषाणूने फुकटात त्या पानावर आणला होता. माशी जशी माझ्या शीटकडे ओढली जाते, तशीच त्या पानाकडे. फरक एवढाच की माझ्याकडे आलेली तिथेच राहते. पानाकडे आलेली पोटभर पिते, अंगात विषाणू भरून घेते आणि उडून पुढच्या हिरव्या झाडावर जाते. सापळाच तो. फक्त गोंद नसलेला. असा एक सापळा मळ्यात उभा असेल तर माझे बारा त्याला पुरे पडणार नाहीत.

तेव्हापासून मामीने कामाची पद्धत बदलली, आणि ती तिने स्वतःच शोधून काढली. उपटायचं ते पहाटे, दव असताना, माशा गारठून पानाला चिकटलेल्या असतात तेव्हा. जाताना खताची रिकामी गोणी न्यायची. झाड उपटण्याआधीच गोणी वरून त्यावर घालायची, लहान पोराच्या डोक्यातून झबलं घालावं तशी, मग बुंध्याला धरून आत ओढायचं आणि तिथल्या तिथे तोंड बांधायचं. गोणी दिवसभर उन्हात ठेवायची, मग जाळायची नाहीतर पुरायची. बांधावरची रानभेंडीसारखी तणंही तशीच काढायची. पहिल्या महिन्यात रोज सकाळी एक फेरी, दिसेल ते पिवळं झाड त्याच दिवशी. पन्नास दिवस उलटल्यावर मात्र ती झाड ठेवते, मिळेल तेवढं घेते. मी म्हटलं हे पुस्तकात लिहायला हवं. ती म्हणाली, "पुस्तक वाचतंय कोण, हात वाचतो."

गेल्या डिसेंबरात पहाटे तिच्याबरोबर मळ्यात होतो. तिच्या हातांत जुने पायमोजे, भेंडीची लव लागू नये म्हणून. सदतीस दिवसांचं एक झाड, गुडघ्याच्या वर आलेलं, आणखी एका फुलाचा पिवळा कप उघडायच्या बेतात. शेंड्याच्या दोन पानांवर जाळी नुकती दिसू लागलेली. मी भिंगाने पाहून सांगायच्या आधीच गोणी त्यावर गेली. उपटताना तिचा हात एकदा थांबला. मग तिने गोणीत हात घालून करंगळीएवढी एकच भेंडी चाचपून खुडली, पदराला पुसली, कच्चीच खाल्ली आणि तोंड बांधलं.

चहा घेताना मी यंदाचा माल कधी पाठवू ते विचारलं. मामीने मनात हिशेब केला. मागच्या वर्षी तीस नेले होते.

"बारा दे," ती म्हणाली. "नि रिकाम्या गोण्या असल्या तुमच्या तिकडं तर त्या दे."

वागळेला गोण्या पुष्कळ मिळतात.